कॅमेऱ्याशेजारी काटा हवा

रोपाची वाढ मोजायची तर ते कापावे लागते, ही पीक संशोधनातली जुनी अडचण आहे. रोप बुडाशी कापायचे, पाने, खोड आणि कणीस वेगळे करायचे, पानांचे क्षेत्रफळ लीफ एरिया मीटरवर काढायचे, मग सगळे कागदी पिशव्यांत भरून ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे आणि काट्यावर ठेवायचे. आकडा पक्का मिळतो, पण रोप संपते. पुढच्या आठवड्यात मोजायला दुसरे रोप घ्यावे लागते, आणि ते पहिल्या रोपाचे भावंडच काय ते असते. शंभर वाणांची वाढ हंगामात पाच वेळा मोजायची आणि दर खेपेला प्रत्येक वाणाची चार रोपे घ्यायची म्हटली, तर दोन हजार रोपे कापावी, पिशव्यांत भरावी आणि तोलावी लागतात. एवढे हात आणि एवढा वेळ कोणत्याच संशोधन केंद्राकडे नसतो. म्हणून पैदासकार उंची मोजतो, फुलोऱ्याची तारीख टिपतो, शेवटी दाणे आणि कडबा तोलतो, आणि मधले ऐंशी-नव्वद दिवस नजरेच्या अंदाजावर सोडतो. नेमक्या याच दिवसांत कॅमेरा आणि संगणक रोज त्याच रोपाची मोजणी करू शकतात, असे गेली पंधरा-वीस वर्षे सांगितले जात आहे. ते बहुतांशी खरे आहे. मात्र कॅमेरा नोंदवतो तो प्रकाश. त्या नोंदीतून वाढीचा आकडा काढायचा तर काही रोपे कापून तोलावीच लागतात, आणि ती एकदाच तोलून भागत नाही. हे जिथे नेटाने केले गेले तिथे शेतीशास्त्राला पूर्वी कधी नव्हते असे साधन मिळाले. जिथे टाळले गेले तिथे देखणे पण चुकीचे आकडे मिळाले. या क्षेत्राच्या आजवरच्या कामातून माझा निष्कर्ष हाच आहे.

वाढीचा वेग हा स्वतंत्रपणे मोजण्याचा गुण आहे, ही समज कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. व्ही. एच. ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिले, की कोवळे रोप चक्रवाढ व्याजाच्या हिशेबाने वाढते. आज तयार झालेले पान उद्या अन्न तयार करते, त्या अन्नातून नवे पान येते, आणि मुद्दल वाढत जाते. दोन रोपे एकाच आकाराने सुरू झाली आणि एकाचा दिवसाचा सापेक्ष वेग ०.१२, दुसऱ्याचा ०.१४ असला, तर वीस दिवसांनी दुसरे रोप पहिल्याच्या जवळजवळ दीडपट असते. दोन शतांशांचा हा फरक एकदाच मोजणाऱ्याला दिसणार नाही. तो दिसायला तेच रोप पुन्हा पुन्हा मोजावे लागते. त्याच काळात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस क्रेस्कोग्राफ बनवत होते. तरफांच्या जोडणीने रोपाची क्षणाक्षणाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उमटवणारे हे यंत्र. त्याच्या चुंबकीय आवृत्तीवर लंडनमध्ये शंका घेतली गेली, तेव्हा १९२० मध्ये तिथल्या काही शास्त्रज्ञांनी यंत्र समोर ठेवून तपासले आणि त्याची नोंद बरोबर असल्याचे ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून जाहीर केले. त्या पत्रावर सही करणाऱ्यांत ब्लॅकमनही होते. हा प्रसंग इथे आठवण्याचे कारण असे, की बोसांच्या यंत्राचे आकडे मानण्याआधी यंत्राचीच परीक्षा घेतली गेली. आजच्या कितीतरी महागड्या यंत्रणांच्या वाट्याला तेवढी कडक परीक्षा आलेली नाही.

या यंत्रणा उभ्या राहिल्या त्या जनुकशास्त्राच्या दबावाखाली. भाताच्या जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये पूर्ण झाले. २०१४ पर्यंत भाताच्या तीन हजार वाणांचे जनुकसंच वाचून खुले झाले होते. गव्हाचा प्रचंड आणि गुंतागुंतीचा जनुकसंचही २०१८ मध्ये हाती आला. म्हणजे कोणत्या वाणात कोणती अक्षरे आहेत हे कळू लागले, पण त्या अक्षरांमुळे रोप वागते कसे हे सांगणारी मोजमापे जुन्याच गतीने येत राहिली. रॉबर्ट फरबँक आणि मार्क टेस्टर यांनी २०११ मध्ये या कोंडीवर लिहिलेला लेख आजही या क्षेत्राचा जाहीरनामा मानला जातो. ॲडलेडला ‘प्लँट ॲक्सिलरेटर’ २०१० मध्ये सुरू झाले होते. तिथे काचघरातल्या कुंड्या सरकत्या पट्ट्यांवरून कॅमेऱ्यापुढे जातात, फोटो निघतात, कुंडी तोलली जाते, ठरलेले पाणी घातले जाते आणि ती जागेवर परतते. हैदराबादजवळ पटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेत व्हिन्सेंट व्हादेझ आणि सहकाऱ्यांनी उलटा मार्ग घेतला. ‘लीझीस्कॅन’ या त्यांच्या व्यवस्थेत रोपे उघड्यावर जागच्या जागी राहतात आणि लेझर स्कॅनर त्यांच्यावरून फिरतो. खाली संवेदनशील काटे बसवलेले असल्याने किती पान आले याबरोबर त्या पानाने किती पाणी उडवले हेही कळते. दिल्लीच्या पुसा संस्थेत ११ ऑक्टोबर २०१७ रोजी वनस्पती फिनोमिक्स (रोपांच्या गुणांची यंत्राने मोठ्या प्रमाणावर मोजणी) केंद्राचे उद्घाटन झाले. त्याला हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. महाराष्ट्रात बारामतीजवळ माळेगावला, अजैविक ताणाच्या राष्ट्रीय संस्थेत, दुष्काळ आणि उष्णता सोसणाऱ्या पिकांच्या अभ्यासासाठी अशी सुविधा आहे.

हे काम आतून कसे चालते ते जवळून पाहिल्याशिवाय त्याच्या बळाचा आणि दुबळेपणाचा अंदाज येत नाही. कुंडीतल्या ज्वारीच्या रोपाचा वरून काढलेला फोटो घ्या. संगणकापुढे असतात ते लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचे लाखो ठिपके. यातला कोणता ठिपका पानाचा आणि कोणता मातीचा हे ठरवण्याची जुनी रीत म्हणजे ‘जादा हिरवेपणा’चे सूत्र : हिरव्याच्या दुपटीतून लाल आणि निळा वजा करायचा, उत्तर ठरावीक मर्यादेच्या वर गेले तर ठिपका पानाचा मानायचा. मग पानाचे ठिपके मोजायचे. एक ठिपका प्रत्यक्षात अर्ध्या मिलिमीटरची बाजू असलेला चौकोन असेल, तर चाळीस हजार ठिपके म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर पान. इथवर सगळे सरळ आहे. पण हे अर्धा मिलिमीटरचे माप फक्त कुंडीच्या काठाच्या पातळीवर खरे असते. कॅमेरा त्या काठापासून दोन मीटर उंचीवर असेल आणि रोप वाढून एखादे पान अर्धा मीटर वर आले, तर ते कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर येते. त्याची लांबी-रुंदी सव्वापटीहून जास्त दिसते आणि क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे अधिक भरते. पान तेवढेच, आकडा मात्र सुमारे ७८ टक्क्यांनी फुगलेला. त्यात उंच वाणाचे आकडे बुटक्या वाणापेक्षा जास्त फुगतात, म्हणजे चूक सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. ती थेट वाणांच्या तुलनेत शिरते. संशोधनाला तर तुलनाच करायची असते.

दुसरी चूक रोपाच्या हालचालीतून येते. पाने दिवसभर एका कोनात राहत नाहीत. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी त्यांचा कल बदलतो, आणि पाणी कमी पडले की पाने गुंडाळली जातात किंवा मान टाकतात. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राचे हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले, की वरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या रोपाच्या आकारात केवळ या कलामुळे एकाच दिवसात वीस टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो. आता दुष्काळाचा प्रयोग डोळ्यांपुढे आणा. पाणी तोडलेल्या कुंडीतले पान गुंडाळले, फोटोतले क्षेत्रफळ घटले आणि तक्त्यात नोंद झाली की वाढ थांबली. वाढ थांबली असेलही, किंवा पानाने पाणी वाचवण्यासाठी अंग चोरले असेल. या दोन गोष्टींचे शेतीतले अर्थ अगदी वेगळे आहेत, आणि फोटोतल्या ठिपक्यांची बेरीज त्या वेगळ्या करू शकत नाही. सगळ्या कुंड्यांचे फोटो एकाच वेळी निघणे शक्य नसते. म्हणून कोणत्या कुंडीचा फोटो किती वाजता निघाला याची नोंद फोटोइतकीच मोलाची असते.

बाजूने दोन आणि वरून एक असे तीन फोटो घेऊन किंवा लेझरने त्रिमित आकार उभा करून यातल्या बऱ्याच चुका कमी करता येतात. तरीही क्षेत्रफळावरून वजनाकडे जाताना एक पायरी उरते. पान म्हातारे होते तसे जाड होते, खोडात वजन साठते, पाने एकमेकांआड लपतात. गोल्झारियन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तृणधान्यांच्या रोपांवर तपासून दाखवले, की फोटोतल्या क्षेत्रफळावरून थेट वजन काढले तर पद्धतशीर चुका होतात, आणि हिशेबात रोपाचे वय धरले की अंदाज सुधारतो. इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. या विषयावरच्या लेखांत फोटोचा आकडा आणि खरे वजन यांचा सहसंबंध ०.९च्या वर दाखवून मोजमाप सिद्ध झाले असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. लहानात लहान आणि मोठ्यात मोठे रोप एका आलेखात घातले की असा सहसंबंध सहज येतो, कारण मोठे रोप फोटोतही मोठेच दिसते. प्रश्न त्याच वयाच्या दोन वाणांत पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर तो पकडता येतो का, हा आहे. सहसंबंध उत्तम असूनही लहान रोपांच्या आकारात मोठी सापेक्ष चूक राहू शकते, असा इशारा पोर्टर यांच्याच लेखात आहे. प्रत्येक पिकाला, प्रत्येक वयाला आणि ताणाच्या प्रत्येक पातळीला काही रोपे कापून काट्यावर ठेवणे त्यामुळे टळत नाही. मात्र दोन हजारांऐवजी दोनशे कापली तरी भागते, आणि उरलेल्या अठराशेंचा रोजचा हिशेब मिळतो. या तंत्राचा खरा फायदा तो.

आणि तो फायदा मोठा आहे, हे सांगताना मला कोणताही संकोच वाटत नाही. रब्बी ज्वारीचे पाहा. सोलापूर, मराठवाडा आणि नगरच्या भारी जमिनीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि बहुतेक ठिकाणी पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवरच वाढते. खात्यात पाणी एकदाच जमा झालेले असते, पुढे फक्त खर्च. १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही शेतकऱ्याच्या मनात आणि बाजारात टिकून आहे. अशा जमिनीत सुरुवातीला जोमाने पसरणारे रोप पाहणाऱ्याला चांगले वाटते, पण ते पोटरीच्या अवस्थेआधीच ओल संपवते आणि दाणे भरायच्या वेळी कोरडे पडते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी ज्वारीत शेवटपर्यंत पाने हिरवी ठेवणाऱ्या जनुकीय भागांचा माग काढला, तेव्हा २०१४ मध्ये त्यांना आढळले की हे भाग फुटवे आणि पानांचा आकार आवरून फुलोऱ्यापर्यंतचा पसारा लहान ठेवतात. त्यामुळे वाचलेले पाणी दाण्याच्या कामी येते. म्हणजे ‘जास्त वाढ’ हा गुण धरून निवड करणारा पैदासकार इथे फसतो. केव्हा किती वाढ, हा खरा गुण आहे, आणि तो काढणीच्या वेळच्या काट्यावर दिसत नाही. रोजचे पान आणि रोजचे पाणी एकत्र मोजणारी पटणचेरूची व्यवस्था याच प्रश्नासाठी उभी राहिली. तिच्यात स्कॅनरखाली काटा आहे, म्हणून मी तिला या क्षेत्रातल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामांत धरतो. भातावरही असाच अनुभव आहे. मॅलाकी कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये खारेपणाला भाताचे रोप दिवसागणिक कसा प्रतिसाद देते याच्या फोटोंची जनुकीय माहितीशी सांगड घातली. शेवटी एकदाच मोजणाऱ्याला न दिसणारा हा काळाचा पदर त्यामुळे अभ्यासाला खुला झाला.

यापुढचे वळण सखोल शिक्षणाचे. सूत्राने हिरवे ठिपके निवडण्याऐवजी हजारो खुणा केलेल्या फोटोंवरून संगणकालाच शिकू द्यायचे. २०१४ पासून ‘वनस्पती मोजणीतले संगणकीय दृष्टीचे प्रश्न’ या विषयावर परिषदा भरू लागल्या आणि एकेक पान वेगळे ओळखण्याच्या स्पर्धा झाल्या. पुसा संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये गव्हाच्या ओंब्या ओळखणारी ‘स्पाइकसेगनेट’ ही रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जगभरच्या संस्थांनी मिळून गव्हाच्या ओंब्यांचा फोटोसंग्रह खुला केला : ४,७०० फोटो आणि त्यांवर हाताने खुणा केलेल्या सुमारे १,९०,००० ओंब्या. या संग्रहाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. शिकवण्यासाठी युरोप आणि कॅनडातले फोटो वापरायचे आणि परीक्षा ऑस्ट्रेलिया, जपान आणि चीनमधल्या फोटोंवर घ्यायची, असे संग्रह करणाऱ्यांनी आधीच ठरवले. ज्या शेतात शिकला त्याच शेतात परीक्षा घेतली तर संगणक नेहमीच हुशार ठरतो. परक्या शेतात, परक्या वाणावर, परक्या उन्हात तो टिकतो का, हे पाहणे ही खरी परीक्षा.

ती टाळली की काय होते याचे उदाहरण शेजारच्या क्षेत्रात, पानांवरचे रोग ओळखण्याच्या कामात आहे. ‘प्लँटव्हिलेज’ या संग्रहातल्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या संगणकाने त्याच संग्रहातल्या वेगळ्या ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूक उत्तरे दिली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा जगभर गाजला. त्याच लेखात आणखी एक आकडा होता. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ही अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली होती. तो आकडा लेखकांनी प्रामाणिकपणे दिला होता, पण वाचणारे तो सोयीने विसरले. पुढे २०२२ मध्ये एका अभ्यासात याच संग्रहातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ ठिपके घेतले गेले, ज्यांत पानाचा लवलेश नव्हता. तेवढ्यावर संगणकाने ४९ टक्के वेळा ‘रोग’ बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजाने हे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी आले असते. म्हणजे प्रत्येक रोगाचे फोटो वेगळ्या दिवशी, वेगळ्या उजेडात काढले गेले होते आणि संगणक बराचसा तो उजेड ओळखायला शिकला होता. वाढीच्या मोजणीत हाच धोका अधिक छुपा आहे. पाणी दिलेल्या कुंड्या काचघराच्या एका बाजूला आणि तोडलेल्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर संगणक रोपाऐवजी जागा ओळखेल, आणि उत्तरे बरोबर येत असल्याने कुणाला शंकाही येणार नाही. कुंड्यांची जागा चिठ्ठी टाकून ठरवण्याचा शेतीसंख्याशास्त्राचा जुना नियम इथे आधीपेक्षा जास्त लागू आहे.

यावर संगणकशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप मला चांगला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, हे सगळे तात्पुरते दोष आहेत. फोटो वाढतील, संगणकाच्या प्रतिकृती (मॉडेल) मोठ्या होतील, आणि वेगळे तोलण्याची गरज उरणार नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘सेगमेंट एनिथिंग’सारख्या प्रतिकृती कधी न पाहिलेल्या वस्तूचीही कड बिनचूक काढतात, हे खरे आहे. पान मातीपासून वेगळे करण्याचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, हेही मी मान्य करतो. पण हा आक्षेप दोन प्रश्नांची गल्लत करतो. फोटोत पान कुठे आहे, हा पाहण्याचा प्रश्न आहे आणि तो जास्त फोटोंनी सुटतो. त्या पानात किती ग्रॅम सुका पदार्थ आहे, हा वनस्पतीच्या शरीराचा प्रश्न आहे. खत, ताण, वय आणि वाण बदलला की पानाची जाडी बदलते, आणि ती माहिती अनेकदा फोटोत उतरतच नाही. जी माहिती फोटोत नाही ती कितीही मोठ्या प्रतिकृतीला त्यातून काढता येणार नाही. मुळांचे तर नावच घ्यायला नको. नॉटिंगहॅममध्ये क्ष-किरणांनी मातीतली मुळे पाहण्याचे सुंदर काम झाले आहे, पण ते ठरावीक आकाराच्या कुंड्यांपुरते. शेतातल्या ज्वारीचे खोल गेलेले मूळ अजूनही बहुतेक वेळा खणूनच पाहावे लागते.

दुसरा आक्षेप पैदासकारांचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. कुंडीत जे दिसते ते शेतात दिसेलच असे नाही. पोर्टर यांनी २०१२ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कुंडीचे आकारमान दुप्पट केले की रोपाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते असे दिसले. पुढे २०१६ मध्ये बंदिस्त जागेतले आणि शेतातले गुण ताडून पाहिले, तेव्हा दोघांतला मेळ अगदी क्षीण, ०.२६ इतकाच निघाला. वाणांचा क्रम लावण्यासाठी कुंडीवर विसंबणे धोक्याचे आहे, हे यातून मान्य करावे लागते. परंतु यावरून ही सुविधा वाया गेली असे ठरत नाही. तिचे काम वेगळे आहे. एखादा वाण पाणी कसे खर्च करतो, ताण आल्यावर किती दिवसांनी हात आखडतो, पाणी परत मिळाल्यावर सावरतो का, असे कारणांचे प्रश्न कुंडीतच स्वच्छ विचारता येतात. कोणता वाण चांगला, हे मात्र शेतानेच सांगायचे. आणि आता शेतातही कॅमेरा पोचला आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला आणि ॲरिझोनात मॅरिकोपाला शेतावरून रुळांवर फिरणारे अजस्र सांगाडे उभे आहेत. त्यांच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशात ड्रोन हंगामभर शेकडो प्लॉटांवरून उडू शकतो, उंची, जमीन झाकण्याचे प्रमाण आणि लाल-अवरक्त किरणांवरून हिरवेपणा टिपू शकतो. तिथेही नियम तोच : काही प्लॉट कापून तोलायचे, आणि रंगाची ठरलेली पाटी प्रत्येक उड्डाणात फोटोत घ्यायची. दाट पिकात हिरवेपणाचा निर्देशांक एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो. पीक वाढत राहते, आकडा तिथेच राहतो. हे माहीत नसलेला माणूस दोन चांगल्या वाणांना सारखे ठरवून मोकळा होईल.

अनुभवी पैदासकाराची नजर हे सगळे यंत्राशिवाय करते, असेही म्हटले जाते. प्लॉटमधून चालत जाऊन एक ते नऊ गुण देण्याची पद्धत जगभर आहे आणि तिने उत्तम वाण दिले आहेत. मालदांडी ३५-१ कॅमेऱ्याने शोधलेली नाही. ती नजर मला आदराची वाटते, आणि तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिला काय विचारायचे हे माहीत असते. पण ती नजर सकाळी ताजी आणि दुपारी थकलेली असते, दोन माणसांची सारखी नसते, आणि निवृत्तीबरोबर घरी जाते. शिवाय आधी पाहिल्याप्रमाणे जोमदार रोपाकडे झुकते, जे रब्बीच्या आटत्या ओलीत उलटे पडू शकते. म्हणून या दोघांना स्पर्धक मानणे मला चुकीचे वाटते. पैदासकाराने प्रश्न ठरवावा, आणि तो रोज, न थकता, सगळ्या प्लॉटांना सारखाच विचारण्याचे काम कॅमेऱ्याने करावे.

आता पैशांचा मुद्दा. पूर्ण स्वयंचलित फिनोमिक्स केंद्र ही कोट्यवधींची गोष्ट आहे. तिची देखभाल, सुटे भाग आणि ती चालवणारी माणसे यांचा खर्च दरवर्षी लागतो. देशाला अशी दोन-चार केंद्रे हवीत आणि ती आहेत. प्रत्येक कृषी विद्यापीठाने तसे स्वतःचे केंद्र उभारावे, असे मला वाटत नाही. साधा कॅमेरा, पक्का स्टँड, निळा किंवा काळा पडदा, फोटोत ठेवलेली मोजपट्टी आणि रंगपाटी, आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे एवढ्यावर चांगले शास्त्र होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॅनफोर्थ केंद्राने बनवलेले ‘प्लँटसीव्ही’ मुक्तस्रोत आहे. ‘इमेजजे’ तर कित्येक वर्षे प्रयोगशाळांतून वापरले जाते. कमतरता आहे ती आपल्या पिकांच्या, आपल्या उन्हातल्या, खुणा केलेल्या आणि शेजारी वजन लिहिलेल्या फोटोंची. गव्हाच्या ओंब्यांचा तो मोठा संग्रह सात देशांच्या श्रमांतून उभा राहिला, आणि त्या पहिल्या यादीत भारत नव्हता. ज्वारी, तूर, हरभरा, नाचणी यांच्यासाठी दुसरा कुणी असा संग्रह करून देईल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद जाहीर केली. त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या सेवांकडे वळेल, आणि वळायलाही हवा. पण एक छोटा वाटा मोजमापाच्या पायासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथे दर हंगामाला वाणांच्या चाचण्यांचे प्लॉट कापले जातात, दाणे आणि कडबा तोलला जातो, आकडे रजिस्टरात जातात. म्हणजे इतरत्र ज्यासाठी मुद्दाम पैसा ओतावा लागतो ते काट्याचे काम आपल्याकडे आधीच होत असते. कापणीआधी त्या प्रत्येक प्लॉटचा मोजपट्टीसह फोटो घ्यावा. त्यावर तारीख, वेळ, कॅमेऱ्याची उंची आणि वाणाचे नाव लिहावे, रजिस्टरातले वजन त्याला जोडावे आणि चारही विद्यापीठांचे फोटो एका खुल्या संग्रहात ठेवावेत. हंगामात तीनदा काही रोपे कापून तोलण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, म्हणजे पहिली काटछाट त्यावर येणार नाही. याला नवी इमारत लागत नाही. येत्या रब्बीत मोहोळच्या ज्वारीपासून ते सुरू करता येईल.